स्पीडच्या दुकानावरची खोली

लिंकनवर मराठीत काही कमी लिहिलेलं नाही. आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर त्याचं म्हणून एक पत्र लावलेलं असतं, मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं. लिंकनच्या कागदपत्रांत ते कुठेही सापडत नाही, पण मराठी घरांत तोच लिंकन पोचला आहे. त्याची खरी पत्रं मी वाचायला घेतली तेव्हा त्यातल्या एका नावाशी पुन्हा पुन्हा थांबत गेलो. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचा जोशुआ फ्राय स्पीड. सरहद्दीवरच्या एका वाढत्या गावातला दुकानदार, पुढे एकदा आमदार, आणि नंतर जमीनजुमल्याच्या व्यवहारात चांगला पैसा मिळवलेला गृहस्थ. लिंकनच्या चरित्रांत त्याला एक प्रकरण मिळतं, कधी अर्धंच. मला तो त्याहून मोठा वाटतो. थोर होता म्हणून नाही. त्याच्यासारखी माणसं मी जवळून पाहिली आहेत म्हणून.

स्पीडचा जन्म १४ नोव्हेंबर १८१४ चा, लुइव्हिलजवळच्या फार्मिंग्टन नावाच्या मळ्यावरचा. मळ्यात हेम्पचं पीक निघे. दक्षिणेतल्या कापसाच्या गाठी बांधायला जे गोणपाट आणि दोरखंड लागत, ते या पिकाच्या धाग्यांतून होत. म्हणजे कापूस पिकवणारे गुलाम, आणि त्या गाठी बांधायचा दोर करणारेही गुलामच. वडील जॉन स्पीड १८४० मध्ये वारले तेव्हा त्यांच्या मालमत्तेत ५७ गुलाम होते. विटांचं चौदा खोल्यांचं ते घरही गुलामांच्या कष्टांवर उभं राहिलेलं. अशा घरातला मुलगा लुइव्हिलच्या एका दुकानात कारकुनी करून धंदा शिकला आणि १८३५ मध्ये, विशीत, इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला गेला.

तेव्हाचं स्प्रिंगफील्ड म्हणजे चिखलाचे रस्ते, त्यांत मोकाट हिंडणारी डुकरं आणि बहुतेक लाकडी घरं. इलिनॉयला राज्याचा दर्जा मिळूनच जेमतेम सतरा वर्षं झाली होती. १८३७ च्या फेब्रुवारीत राजधानी वँडेलियाहून इथे आणायचं ठरलं आणि गावाला एकदम किंमत आली. हे घडवून आणणाऱ्या आमदारांत अठ्ठावीस वर्षांचा एब्राहम लिंकनही होता. स्पीड तिथे एका दुकानात भागीदार होता. दुकानात काय मिळायचं हे त्यानेच लिहून ठेवलंय: कापडचोपड, किराणा, लोखंडी सामान, पुस्तकं, औषधं, अंथरूण-पांघरूण, गाद्या. थोडक्यात, त्या मुलखाला लागेल ते सगळं.

अशा दुकानाचा जीव उधारीत असतो. रोख पैसा गावात फारसा फिरतच नव्हता. माल लांबून यायचा, नदीतल्या बोटींतून आणि पुढे गाड्यांतून, आणि दुकानदार स्वतःही तो बऱ्याचदा उधारीवरच उचलायचा. शेतकरी पीक निघाल्यावर चुकते करणार, काही जण लोणी-अंडी आणि डुकराचं मांस देऊन भागवणार. ही साखळी मध्ये कुठेही तुटली की दुकान बसलंच. खुद्द लिंकनचं दुकान असंच बसलं होतं. न्यू सेलम गावात बेरी नावाच्या भागीदाराबरोबर त्याने दुकान काढलं, ते चाललं नाही, १८३५ मध्ये बेरी वारला आणि सगळं कर्ज लिंकनच्या एकट्याच्या माथी आलं. ते फेडायला त्याला वर्षानुवर्षं लागली. त्या कर्जाला तो ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा.

१५ एप्रिल १८३७ ला हा माणूस उसन्या घोड्यावरून स्प्रिंगफील्डला आला आणि खोगिराच्या पिशव्या हातावर टाकून स्पीडच्या दुकानात शिरला. एका माणसापुरतं अंथरूण हवं होतं. स्पीडने पाटीवर हिशेब मांडला. गादी, ब्लँकेटं, चादरी, पलंगपोस, उशी. सगळे मिळून सतरा डॉलर. लिंकन म्हणाला, ‘भाव रास्तच असेल, पण एवढेही पैसे माझ्याकडे नाहीत. नाताळपर्यंत उधार दिलंत आणि इथली माझी वकिली चालली, तर तेव्हा देईन. वकिली चालली नाही, तर बहुधा कधीच देऊ शकणार नाही.’

माझ्या आजोबांचं तालुक्याच्या गावी किराणा-भुसाराचं दुकान होतं. लहानपणी मी गल्ल्यामागच्या पोत्यावर बसून उधारी मागणारी माणसं पाहिली आहेत. माणूस आधी पावसापाण्याचं बोलतो, मग घरच्या आजारपणाचं, आणि निघता निघता हळूच म्हणतो, ‘एवढं खात्यावर लिहून ठेवा.’ ‘कदाचित देणारच नाही’ असं आधीच सांगून उधार मागणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आजोबांनीही पाहिला नसावा. म्हणून लिंकनच्या त्या वाक्याने स्पीडवर काय परिणाम केला असेल, याचा मला अंदाज करता येतो. त्याने मान वर करून पाहिलं. इतका खिन्न, उदास चेहरा आयुष्यात कधी पाहिला नाही असं त्याला वाटलं. हे त्याने कित्येक वर्षांनी लिहिलं आहे. मग तो म्हणाला, ‘एवढ्याशा कर्जाचा तुम्हाला इतका भार वाटत असेल, तर कर्ज न काढता भागेल अशी एक तोड आहे. माझी खोली मोठी आहे, पलंगही दोघांना पुरेल असा आहे. खुशाल माझ्याबरोबर राहा.’

‘खोली कुठे आहे?’

‘वर.’ स्पीडने दुकानातूनच वर जाणाऱ्या वळणाच्या जिन्याकडे बोट दाखवलं. लिंकन काही न बोलता पिशव्या घेऊन वर गेला, त्या जमिनीवर ठेवल्या आणि खाली आला. चेहरा पार बदललेला. म्हणाला, ‘चला स्पीड, मी राहायला आलो!’

स्पीडला हा माणूस अगदीच अनोळखी नव्हता. आदल्या वर्षी त्याने लिंकनचं एक निवडणुकीचं भाषण ऐकलं होतं. फोर्कर नावाच्या पुढाऱ्याने पक्ष बदलून सरकारी जागा पटकावली होती आणि घरावर वीजरोधक सळई बसवली होती, गावात तेव्हा ती अपूर्वाईची. लिंकनने भर सभेत सांगितलं, ‘पक्ष बदलून वर्षाला तीन हजार डॉलरची नोकरी घ्यायची, आणि मग अपराधी मनाला देवाच्या कोपापासून वाचवायला घरावर सळई लावायची, त्यापेक्षा मी आत्ता मेलो तरी चालेल.’ स्पीडने हे जन्मभर लक्षात ठेवलं.

जवळजवळ चार वर्षं दोघं त्या खोलीत राहिले. एका पलंगावर दोघांनी झोपणं त्या मुलखात रोजचंच होतं. खाणावळीत तर अनोळखी माणसंही तशीच झोपत. दुकानातला कारकून विल्यम हर्नडन हाही वरच झोपायचा. पुढे तो लिंकनचा वकिलीतला भागीदार झाला, आणि नंतर चरित्रकार. संध्याकाळी दुकान बंद झालं की मागच्या शेगडीभोवती गावातली तरुण मंडळी जमत. स्टीफन डग्लसही येई, जो पुढे लिंकनचा सर्वांत मोठा विरोधक झाला. शेगडीतली लाकडं स्पीडची आणि बसायला पेट्या-पिंपंही त्याचीच. वाद रात्री उशिरापर्यंत चालत. राजकारणात स्पीडने स्वतः फारसं काही केलं नाही, पण ज्या जागेत इलिनॉयची एक पिढी बोलायला शिकली, ती त्याने विनामोबदला उघडी ठेवली. याचं मोल मला खूप वाटतं.

१ जानेवारी १८४१ ला स्पीडने दुकानातला आपला वाटा विकला. वडील गेले होते, आईला मळ्यावर हाताशी कुणी हवं होतं. त्याच सुमारास लिंकनचं मेरी टॉडशी ठरलेलं लग्न मोडलं आणि तो इतका खचला की स्पीडला खोलीतले वस्तरे आणि सुऱ्या उचलून ठेवाव्या लागल्या. वकिलीतल्या तेव्हाच्या भागीदाराला, जॉन स्टुअर्टला, लिंकनने २३ जानेवारीला लिहिलं की आजघडीला जिवंत माणसांत माझ्याइतका दुःखी कुणी नसेल. त्या दिवसांत स्पीडला तो म्हणाला होता की आपण जगलो होतो हे कुणाला आठवावं असं काहीच आपल्या हातून झालेलं नाही, आणि जगावंसं वाटतं ते तेवढ्यासाठीच. हे वाक्य पुढे परत येणार आहे.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी स्पीडने त्याला फार्मिंग्टनला बोलावून घेतलं. लिंकन तिथे काही आठवडे राहिला. स्पीडचा वकील भाऊ जेम्स त्याला पुस्तकं देई, आणि आई लूसी यांनी त्याला एक बायबल दिलं. वीस वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, लिंकनने त्यांना आपला फोटो पाठवला, त्यावर त्या बायबलची आठवण लिहून. ज्या घरात त्याचं मन सावरलं ते घर हे असं होतं. सेवेला कोण होतं, स्वयंपाकघरात कोण राबत होतं, हेही त्याच घरात होतं.

सप्टेंबरात दोघं मित्र ‘लेबनॉन’ नावाच्या आगबोटीने लुइव्हिलहून सेंट लुईसला निघाले. नदीला पाणी कमी, प्रवास रेंगाळलेला. बोटीवर एका माणसाने केंटकीच्या वेगवेगळ्या भागांतून विकत घेतलेले बारा गुलाम होते. तो त्यांना दक्षिणेतल्या मळ्यावर नेत होता. लिंकनने स्पीडची बहीण मेरी हिला लिहिलेल्या पत्रात हे बारकाईने वर्णन केलं आहे: सहा-सहा जणांना एकत्र साखळलेलं, प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला लोखंडी कडी, ती आखूड साखळीने मुख्य साखळीला जोडलेली, नेमक्या अंतरावर, गळाच्या दोरीला लावलेल्या माशांसारखी. बापमाय, भावंडं, कुणाची बायको-मुलं, सगळं मागे कायमचं सुटलेलं. एकाचा गुन्हा एवढाच की त्याचा बायकोवर फार जीव होता. तोच बहुतेक वेळ फिडल वाजवत होता. पत्राचा सूर मात्र हलका आहे. अशा हालातही ही माणसं हसत-गात होती, देव दुःख कसं सोसण्याजोगं करतो बघा, असा. बत्तीस वर्षांच्या लिंकनने असं लिहिलं हे वाचून मला पहिल्यांदा धक्का बसला होता.

पुढची पत्रं लग्नाबद्दलची आहेत. स्पीड फॅनी हेनिंगच्या प्रेमात पडला आणि लगेच घाबरला. आपलं प्रेम खरं आहे का, लग्न झाल्यावर पस्तावा झाला तर? लिंकन, ज्याचं स्वतःचं लग्न मोडलेलं, तो पानंच्या पानं लिहून त्याला धीर देतो. १५ फेब्रुवारी १८४२ ला लग्न झालं. त्यानंतरचं स्पीडचं पत्र उघडताना मनात इतकी धाकधूक होती की दहा तास झाले तरी मी शांत झालेलो नाही, असं लिंकन लिहितो. फॅनीने पाठवलेलं व्हायोलेटचं फूल वाटेत इतकं वाळलं, चेपलं, की हात लावताच त्याचा भुगा झाला. कागदावर फुलाच्या रसाचा डाग पडला होता, तो मात्र जपून ठेवीन, असं त्याने कळवलं. मग ५ ऑक्टोबरला तो एकच प्रश्न विचारतो: लग्न केल्याचा तुला नुसत्या बुद्धीने नाही, मनापासून आनंद आहे ना? लवकर कळव, मला उत्तराची घाई आहे. उत्तर आलं असणार. ४ नोव्हेंबरला लिंकनने मेरी टॉडशी लग्न केलं.

१८४८ मध्ये स्पीड केंटकीच्या कनिष्ठ सभागृहात निवडून गेला. एकच खेप. नंतर त्याने पुन्हा कधी निवडणूक लढवली नाही. पण तो काळ साधा नव्हता. बाहेरून गुलाम आणून विकण्याला केंटकीने १८३३ मध्ये कायद्याने आळा घातला होता, तो १८४९ मध्ये त्याच कायदेमंडळाने सैल केला. १८५० च्या नव्या राज्यघटनेत तर गुलामावरचा मालकाचा हक्क इतर कुठल्याही मालमत्तेइतकाच अबाधित असल्याचं लिहिलं गेलं. भाऊ जेम्सने त्या वेळी वर्तमानपत्रात गुलामगिरीविरुद्ध उघडपणे लिहिलं, घटना समितीच्या निवडणुकीला उभा राहिला आणि हरला. एकाच आईच्या हातचं खाऊन मोठे झालेले हे दोन भाऊ. त्यामुळे ‘तो काळच तसा होता’ हे स्पष्टीकरण मला पुरत नाही. जोशुआच्या शेजारच्याच खोलीत वाढलेल्या माणसाला वेगळं दिसत होतं.

आणि मग १८५५. गुलामगिरी पश्चिमेच्या नव्या प्रदेशात जाऊ द्यायची का, यावर देश पेटला होता. स्पीडचं पत्र आलं, त्याला लिंकनने २४ ऑगस्टला उत्तर दिलं. लिंकनने लिहिलेल्यांत मला सर्वांत जवळचं पत्र हे. गुलामगिरी तत्त्वतः चूक आहे हे तूही मान्य करतोस, इथवर आपल्यात मतभेद नाही, अशी सुरुवात. पण त्यात ज्यांचं काही जात नाही अशांच्या सांगण्यावरून गुलामावरचा कायदेशीर हक्क सोडण्यापेक्षा देश फुटलेला परवडला, असं तू म्हणतोस. तो हक्क सोड असं मी तरी तुला सांगत नाही. पळालेल्या त्या बिचाऱ्यांना हुडकून, पकडून पुन्हा फटक्यांखाली नेलेलं मला पाहवत नाही, पण मी ओठ चावून गप्प राहतो. आणि मग बोट येते. १८४१ मध्ये आपण दोघं त्या बोटीवर होतो, तुला आठवत असेल, मला तर चांगलंच आठवतं. बेड्या घातलेले दहा-बारा गुलाम. ते दृश्य मला सतत छळत राहिलं, आणि ओहायो नदीवर गेलो की आजही तसंच काही दिसतं. जी गोष्ट मला सतत दुःखी करू शकते, तिच्याशी माझा काही संबंध नाही असं तू धरून चालणं बरं नव्हे.

एकच बोट, एकच डेक, शेजारी शेजारी उभे दोन मित्र. चौदा वर्षांनी एकाला ती बोट विसरता येत नाही आणि तिची आठवण दुसऱ्याला करून द्यावी लागते. स्पीड दुष्ट असता तर हे समजायला सोपं होतं. पण दारात आलेल्या कफल्लक माणसाचा चेहरा वाचून त्याला अर्धा पलंग देणारा हाच. मित्र जीव देईल या भीतीने वस्तरे लपवणाराही हाच.

इथे मला आजोबांच्या दुकानातली दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. आजोबांनी वाईट साल होतं तेव्हा कुणालाही उधार नाकारलं नाही. वस्तीतल्या माणसांचीही खाती होती, आणि बुडालेली बाकी त्यांनी गुपचूप खोडून टाकल्याचं मी पाहिलं आहे. त्याच दुकानाच्या पडवीत त्या माणसांना प्यायला पाण्याचा वेगळा तांब्या होता, खिळ्याला टांगलेला. आजोबांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. त्यांचा कनवाळूपणा खोटा नव्हता आणि तांब्याही खोटा नव्हता. माणसाची कणव कुठे जाऊन थांबते, ते तिची रुंदी पाहून कळत नाही. स्पीडला समोरच्या चेहऱ्यावरचं दुःख दिसत होतं, पण तो चेहरा दुकानात गिऱ्हाईक म्हणून शिरू शकणाऱ्या माणसाचा असावा लागे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या सत्पुरुषांनी गुलामांना दास्यातून सोडवलं त्यांना. आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवतील, ही आशाही त्यांनी तिथेच लिहिली. पुण्यात ते छापलं जात होतं तेव्हा स्पीड लुइव्हिलमध्ये हयात होता, साठीच्या आसपासचा. त्या अर्पणपत्रिकेत त्याला धरायचं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे. माझं उत्तर, नाही. तरी त्या सत्पुरुषांच्या कामात त्याचा हात लागला होता हेही खरं आहे. १८६१ मध्ये दक्षिणेतली गुलामगिरीची राज्यं फुटून यादवी पेटली, आणि केंटकी कुठल्या बाजूला जाणार हे अधांतरी असताना लिंकनने पाठवलेल्या बंदुका संघनिष्ठ, म्हणजे देश एकसंध राहावा म्हणणाऱ्या, लोकांच्या हाती पोचवण्यात स्पीड पुढे होता. केंटकी गेलं तर सगळा डावच गेल्यासारखं आहे, असं लिंकनने त्या सप्टेंबरात लिहिलं. ते गेलं नाही. ज्याने पूर्वी देश फुटला तरी चालेल म्हटलं होतं, त्याने देश टिकवायला जीव धोक्यात घातला. आणि त्याच वर्षी सेनापती फ्रेमाँटने मिसुरीत बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचं जाहीर करताच हाच स्पीड कळवळून लिंकनला लिहितो की याने केंटकीत आपली माणसं चिरडली जातील. लिंकनने तो आदेश बदलायला लावला.

पदाची त्याला कधीच हाव नव्हती. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर लिंकनने त्याला शिकागोत भेटायला बोलावलं आणि विचारलं, ‘तुझी सांपत्तिक स्थिती कशी आहे?’ स्पीडने हेतू ओळखला. म्हणाला, ‘स्थिती चांगली आहे. तुला देता येईल आणि मला परवडेल असं एकही पद तुझ्याकडे नसावं.’ १८६४ च्या अखेरीस लिंकनच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल म्हणून स्पीड घराण्यातलं कुणी गेलं तर ते जेम्स, निवडणूक हरलेला भाऊ.

गुलाममुक्तीची घोषणा व्हायच्या आधी लिंकनने ती जोशुआला दाखवली होती. त्याने विरोध केला. घोषणा १ जानेवारी १८६३ ला लागू झाली, तरी केंटकीला ती लागू नव्हती, कारण केंटकी बंडखोर नव्हतं. तिथले गुलाम सुटले ते १८६५ च्या डिसेंबरात, तेराव्या घटनादुरुस्तीने. केंटकीने ती दुरुस्ती आधी फेटाळली होती आणि मान्य केली ती १९७६ मध्ये.

लिंकनच्या खुनानंतर हर्नडन चरित्रासाठी आठवणी गोळा करू लागला, तेव्हा स्पीडने त्याला जे लिहिलं त्यात १८४१ चे ते खिन्न दिवस आहेत, आणि त्यांच्यापुढचा भागही आहे. घोषणेनंतर भेट झाली तेव्हा लिंकनने त्याला त्या जुन्या बोलण्याची आठवण दिली. कुणी आठवण काढावी असं काही हातून झालं नाही असं मी म्हणालो होतो ना, तर या एका कामात माझी सर्वांत जपलेली आशा पुरी होईल असं मला वाटतं. हे ज्याला सांगितलं तो त्या कामाच्या विरोधात उभा राहिलेला मित्र होता, आणि ज्याने पुढे जगाला सांगितलं तोही तोच. १८५५ च्या पत्राच्या शेवटी लिंकनने लिहिलं होतं, ‘वहिनींना नमस्कार. या पत्राच्या मुख्य विषयात मला तुझ्यापेक्षा त्यांचीच सहानुभूती जास्त आहे. तरीही, मी कायमचा तुझा मित्र.’ स्पीडने ते पत्र फाडलं नाही, चुलीत घातलं नाही. ते आज आपल्याला वाचता येतं.